चुन्याची हजेरी

डॉक्टरबाईंनी कागदावर चार ओळी लिहिल्या आणि त्यातल्या तीन मोठ्याने वाचून दाखवल्या. तीन महिने पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही. उकिडवं बसायचं नाही. शौचाला जोर द्यायचा नाही. चौथी ओळ नवऱ्यासाठी, नवलसाठी होती. ती त्यांनी वाचली नाही, कागदाची घडी करून त्याच्या हातात दिली.

धुळ्याहून परतताना गाडीत दिपमाला मागच्या सीटवर आडवी पडली होती. खड्डा आला की ती दोन्ही तळहात ओटीपोटावर दाबायची. चिमठाण्याच्या पुढे नवलने मागे वळून विचारलं, "पाच किलो म्हंजे कितलं व?"

तिने हे आधीच मोजलं होतं. पाण्याने भरलेली कळशी बारा किलोंची. ओल्या शेणाची पाटी वीसच्या खाली कधीच नाही. कडब्याची पेंढी चार-पाच किलोंची, पण पेंढ्या एकेक कोणी नेत नाही.

"अर्धी कळशीबी नही," ती म्हणाली.

"मंग पाव-पाव भरानी."

तो थट्टा करत नव्हता. त्याने त्याच्या परीने मार्ग काढला होता.

दोन वर्षं तिचं अंग बाहेर येत होतं. आधी पाटी उचलताना, मग खोकताना, शेवटी नुसतं उभं राहिलं तरी. तिने कोणाला सांगितलं नव्हतं. फाल्गुनात रक्त जाऊ लागलं तेव्हा नवलला कळलं, आणि चैत्र संपता संपता ऑपरेशन झालं. पिशवी काढली, आतून टाके घातले. टाके तुटले तर दुसऱ्यांदा घालायला जागा उरणार नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. ते दिपमालाने नीट ऐकलं होतं.

घर बुराई नदीच्या अलीकडे, गावाच्या शेवटाला. पुढे ओसरी, मग अंगण, अंगणापलीकडे गोठा. गोठ्यात दोन बैल, एक गाय आणि चांदी नावाची म्हैस. सकाळी सहा पाट्या शेण निघायचं. बोअर मार्गशीर्षातच आटला होता, तेव्हापासून हातपंपावरून पाणी. चार जनावरांना वीस कळशा, दुपारी म्हशीच्या अंगावर ओतायला चार वेगळ्या. हातपंप दोनशे पावलांवर. हे सगळं आजवर दिपमाला करत होती. घरात पाच माणसं होती.

ती गाडीतून उतरून ओसरीपर्यंत चालत आली तेव्हा सासू भिकुबाई तिच्या चालण्याकडे पाहत होती.

"इतलं शिवी-टाची आनं म्हने," भिकुबाई म्हणाली. "तुले काय काचनं अंग शे का? मी पाच बाळंतपनं कयात. सातवा दिनले गोठामा व्हतू."

"तू चूप बैस," सासरे खाटेवरून म्हणाले. भाईदासआबांना दमा होता. एक वाक्य झालं की दोन श्वास लागायचे. "कोनी बोलू नका. मी वाटणी करी देस."

आबा तीस वर्षं रोजगार हमीच्या कामांवर मुकादम होते. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. माणसं आळशी नसतात, हजेरी ढिली असते, असं त्यांचं मत होतं. त्यांनी दोन्ही पोरांना समोर उभं केलं आणि गोठ्याच्या शेणाने सारवलेल्या भिंतीवर कोळशाने तीन उभे खाने पाडायला लावले. पहिल्या खान्यावर न, नवलचा. शेण आणि उकिरडा. दुसऱ्यावर हि, धाकट्या हितेंद्रचा. पाणी आणि वैरण. तिसऱ्यावर भि, भिकुबाईचा, दूध काढणं.

"रोज काम झायं का ज्यानं त्यानं आपली खूण करानी." आबांनी कोपरीच्या खिशातून तंबाखूची चुन्याची डबी काढून नवलच्या हातात दिली. "हाई तठे खुटीले टांग. चुनामा बोट बुडाडानं, भीतवर टेकानं. खूण नही तं भाकर नही."

"शेण मी?" नवल म्हणाला. तो दुसऱ्यांचा ट्रॅक्टर चालवत असे.

"का? हातले मेंदी लागेल शे का?"

हितेंद्र हसला. त्याचं शिंदखेड्यात मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. वय एकोणतीस, लग्न व्हायचं होतं. "मी पाणी आनसू," तो म्हणाला, "पन दिन उगाना पह्यले. हातपंपवर बायास्ना मेळा ऱ्हास."

"खूण करताना कोनी दखत नही," आबा म्हणाले. "कर कव्हयबी."

दिपमालाला आतल्या खोलीत झोपवलं. दहा दिवस तिने फक्त छताचे पत्रे पाहिले आणि आवाज ऐकले. गोळ्यांनी सकाळी उशिरापर्यंत झोप यायची, पण म्हशीचा आवाज ती झोपेतही ओळखायची.

चांदीचं पारडू माघात मेलं होतं. तेव्हापासून ती फक्त दिपमालाच्या हाताला पान्हवायची. पहिल्या दिवशी भिकुबाई बादली घेऊन बसली तर म्हशीने लाथ मारून बादली अंगणात घालवली. दुसऱ्या वेळी आंबोण पुढे ठेवलं. चांदीने आंबोण खाल्लं आणि दूध वर ओढून धरलं.

"तिले वास लागस," ओसरीवरून भिकुबाईचा आवाज आला. "दिपमालानी साडी नेसनं पडी."

"नशीब मना खानामा दूध नही," हितेंद्र म्हणाला. "नहीतं मनीबी जीवरामबाई व्हती."

नवलही हसला. जीवराम शेजारी कुंपणापलीकडे राहत असे. बायको वारली त्या वर्षी त्याची म्हैस पान्हवेना, तेव्हा त्याने बायकोची साडी गुंडाळून चार महिने दूध काढलं होतं. त्याला आता वीस वर्षं झाली. म्हैस गेली, जीवराम सत्तरीला आला, पण गावातली शाळकरी पोरंसुद्धा त्याला जीवरामबाई म्हणत.

भिकुबाईने जन्मभर नऊवारी नेसली होती. सुनेची निळी पाचवारी तिने नऊवारीवरूनच कशीबशी गुंडाळली, पदर म्हशीच्या नाकाशी धरला आणि खाली बसली. थोड्या वेळाने बादलीत धारेचा आवाज आला. आतल्या खोलीत दिपमालाने तो ऐकला. दुःख झालं की सुटल्यासारखं वाटलं, ते तिला ठरवता आलं नाही.

रोज संध्याकाळी आबा खाटेवरून खुणा मोजायचे. त्यांना गोठा दिसायचा नाही, मोतीबिंदूमुळे बैल आणि गाय एकच व्हायचे. पण करड्या भिंतीवरचे पांढरे ठिपके दिसायचे.

"नवल, झायं. हितेंद्र, झायं. म्हतारी, झायं," ते म्हणायचे. "देखा. हजेरी लागी म्हंजे मानूस सुधरस."

जेवताना नवल एकदा दिपमालाला म्हणाला, "देख, चाली ऱ्हायनं ना सगळं? तू उगाच भ्यायनी व्हती." ती त्याच्या हाताकडे पाहत होती. नखं स्वच्छ होती. शेण काढणाऱ्याची नखं दोन दिवस तरी पिवळी राहतात. पण ताप होता, गोळ्या होत्या, तिने पुढे विचार केला नाही.

अकराव्या दिवशी तिची खाट ओसरीवर आणली. ऊन चढलं तसा अंगणातून वाफेचा लोट यायला लागला. सगळे आपापल्या कामाला गेले होते, आबा झोपले होते. बरं वाटावं म्हणून ती भिंतीला धरून उठली आणि हळूहळू गोठ्यापर्यंत चालत गेली.

तिला खुणा जवळून पाहायच्या होत्या. अकरा आडव्या रांगा, तीन खाने, तेहेतीस ठिपके. एकही जागा रिकामी नव्हती. पहिल्या तीन रांगांत नवलचा ठिपका मोठा आणि गोल होता, जाड बोटाचा. हितेंद्रचा बारीक, खाली ओघळलेला, घाईत केलेला. आणि भिकुबाईचा अर्धा. तिच्या उजव्या तर्जनीचं टोक बाजरी कापताना विळ्याने तिरपं उडालं होतं, म्हणून तिचा ठिपका एका बाजूने सपाट उठायचा, अष्टमीच्या चंद्रासारखा.

चौथ्या रांगेपासून तिन्ही खान्यांत तोच अर्धा चंद्र होता.

दिपमालाने पुन्हा वरपासून पाहिलं. मग खालून वर. चोवीस ठिपके, सगळे एका बाजूने कापलेले. फक्त जागा बदलत होती, बोट नाही.

ती तिथेच गव्हाणीला टेकून उभी राहिली. तेवढ्यात भिकुबाई हातपंपावरून आली. डोक्यावर कळशी, कमरेवर कळशी. तिने सुनेला पाहिलं नाही. डोक्यावरची कळशी उतरवून दगडी कुंडीत ओतली, दुसरीही ओतली, आणि मग सरळ होण्याआधी तिने एक हात साडीच्या निऱ्यांवरून खाली नेला आणि आत काहीतरी ढकलल्यासारखा दाबला. डोळे मिटले, ओठ आत घेतले, श्वास सोडला.

ती हालचाल दिपमालाला ओळखीची होती. दोन वर्षं तिने ती रोज केली होती, उकिरड्यामागे, बाभळीआड, कोणी पाहत नाही असं पाहून.

"माय," ती म्हणाली.

भिकुबाई दचकली. "तू कसाले उठनी?"

"ह्या खुणा कोनन्या शेतस?"

"ज्यान्या त्यान्या."

"तुमनं बोट मी वळखस."

भिकुबाईने रिकाम्या कळशा एकीत एक घातल्या. "मंग डोया झाकी ले."

"तुमलेबी तेच शे ना? अंग येस ना बाहेर?"

"बठ्ठ्या बायास्ले येस," भिकुबाई म्हणाली. "कोनी धुयाना दवाखानामा जास, कोनी चिंधी बांधस." मग आवाज खाली आणून म्हणाली, "हितेंद्रले दखाले लोनखेडीना पाव्हना येनार शेतस. पोऱ्या डोकावर कळशी लिसन दिसना तं पोरगी कोन दी? नि नवल पाटी उचलस तं शेजारन्या बाया तोंडले पदर लावतीस. तीन दिन दखं मी. मनाकडतीन नही दखायनं."

"मी सांगस त्यास्ले."

"सांग. मंग काय व्हई? तेच मले म्हनतीन, कसाले सांगं." ती हातपंपाकडे वळली. "जाय, पड. तुना टाका तुटनात तं मंग इतलं मरेल वाया जाई."

संध्याकाळी दिपमालाने नवलला सांगितलं. तो पायावर पाणी घेत होता.

"माय नको म्हनस तं मी काय करू?" तो म्हणाला. "तिना हात पकडू का?"

"पाटी पकड. तिना हातमातीन पाटी ले. इतलंच."

"तिनं अंग येस म्हने? तिनं कव्हय सांगं नही."

"मीबी कोठे सांगं व्हतं?"

तो बराच वेळ टाचा घासत राहिला. "उद्यापासून," तो म्हणाला.

मग तिने आबांना सांगितलं. आबांनी श्वास जमवला.

"अकरा रांगा. तीन खाना. एकबी खाडा नही," ते म्हणाले. "तीस वरीस हजेरी लिखी मी. असं चोख काम मी धरणवर नही दखं."

"आबा, बठ्ठ्या खुणा एकच बोटन्या शेतस."

"खूण शे ना?"

"शे."

"मंग काम झायं," आबा म्हणाले आणि भिंतीकडे कूस वळवली.

बाराव्या दिवशी दोंडाईच्याला ट्रॅक्टरची फेरी निघाली. त्याच दिवशी हितेंद्रच्या दुकानात सामान आलं. तेराव्या दिवशी नवल खरंच उठला, गोठ्याच्या दाराशी गेला. भिकुबाई आत पाटी भरत होती. "आते उनास का, निम्म झायं मनं," ती म्हणाली. "जाय, चहा पी." तो उभा राहिला. मग चहा प्यायला. दिपमाला खाटेवरून हे पाहत होती.

चौदाव्या दिवशी सकाळी, दूध काढून, शेण काढून, पाण्याच्या अकराव्या खेपेला भिकुबाई अंगणाच्या मधोमध थांबली. ती पडली नाही. ती हळूच खाली बसली, डोक्यावरची कळशी तिने दोन्ही हातांनी उतरवून नीट जमिनीवर ठेवली, आणि मग एका कुशीवर कलंडली. कमरेवरची कळशी आडवी झाली. पाणी धुळीतून वाहत गेलं, आणि तिच्या निळ्या साडीखालून दुसरी एक ओल पसरली. ती वेगळ्या रंगाची होती.

दिपमाला खाटेवर उठून बसली. तिचे पाय जमिनीला लागले. "नवल!" ती ओरडली. नवऱ्याला नावाने हाक मारायची तिची ती पहिली वेळ.

धुळ्याला त्याच डॉक्टरबाई होत्या. पडद्याआड तपासून त्या बाहेर आल्या, हात धुतले, टेबलाशी बसल्या. भिकुबाईला समोरच्या स्टुलावर बसवलं होतं. मागे नवल उभा होता.

"आजी, हे किती वर्षांपासून आहे?"

भिकुबाईने पदर डोक्यावर ओढून घेतला.

"दोन? पाच? अंदाजे सांगा."

भिकुबाईने हनुवटीने मागे नवलकडे खूण केली. "हाऊ झाया तव्हयपासून."

डॉक्टरबाईंनी नवलकडे पाहिलं. "वय काय तुमचं?"

"बेचाळीस," नवल म्हणाला.

त्यांनी कागदावर बेचाळीस लिहिलं आणि पुढे वर्षे असं लिहिलं. नवल त्या आकड्याकडे पाहत राहिला. हा आकडा तो वर्षभर प्रत्येक फॉर्मवर आपला म्हणून लिहीत आला होता.

रक्त सात भरलं. एवढ्यावर ऑपरेशन होणार नाही, आधी रक्त वाढू दे, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. आतून आधाराची रिंग बसवली, गोळ्या दिल्या. "झोपून राहायचं, आजी. घरी कामाला कोण आहे?"

"बठ्ठाच शेतस," भिकुबाई म्हणाली.

परतायला संध्याकाळ उलटली. ओसरीवर दुसरी खाट आली. त्या वेळेला चांदीचं दूध निघालं नाही. पाणी आणि वैरण जीवरामने येऊन घातली होती.

सकाळी उजाडलं तेव्हा म्हैस ओरडत होती. रात्रभराचं आणि त्याआधीच्या वेळेचं दूध सडांत तटतटलं होतं. ती मान वर करून लांब ओरडायची, थांबायची, ओसरीकडे पाहायची. दिपमालाला तो आवाज पोटात कळत होता. कास दगडासारखी झाली असेल. आणखी एक वेळ गेली तर सड सुजतील, दुधात रक्त येईल. म्हैस कामातून जाईल. पारडू असल्यापासून दिपमालाने वाढवलेलं ते जनावर होतं.

चांदी पुन्हा ओरडली. दिपमालाने पांघरूण बाजूला केलं.

शेजारच्या खाटेवरून एक हात आला आणि तिच्या मनगटाला घट्ट बसला. तर्जनीचं सपाट टोक तिला कातडीवर जाणवलं.

"उठू नको," भिकुबाई म्हणाली.

"माय, म्हस मरी."

"मरू दे. उठू नको."

हितेंद्र कपडे करून बाहेर आला, गोठ्याकडे पाहिलं, दोन्ही खाटांकडे पाहिलं. "मी दुकानवरतीन कोनले तरी धाडस," तो म्हणाला आणि मोटरसायकल ढकलत फाटकाबाहेर नेली. बाहेर गेल्यावर सुरू केली.

नवल पायरीवर बसला होता. तो कोणाकडेच पाहत नव्हता. म्हैस ओरडत होती. फाटकासमोरून हातपंपाकडे जाणाऱ्या बायका मान वळवून पाहत जात होत्या. दिपमालाचं मनगट दुखायला लागलं, पण भिकुबाईने पकड सैल केली नाही.

मग नवल उठला. दोरीवर दिपमालाची हिरवी साडी होती, ऑपरेशनच्या आधी नेसलेली, न धुतलेली. ती त्याने ओढली. कमरेला एक वेढा दिला, दुसऱ्याला गाठ सुटली, पुन्हा दिला. पदर कुठून घ्यायचा ते त्याला कळेना. फाटकाशी दोन बायका थांबल्या. एकीने खरंच तोंडाला पदर लावला.

कुंपणापलीकडून जीवराम पाहत होता. तो हसला नाही. "निऱ्या आखूड घे," तो म्हणाला. "पायमा अडकी. नि पदर पह्यले तिना नाकजोडे धर. घाई करू नको."

नवलने निऱ्या आखूड घेतल्या. आत गेला. लाथेचा आवाज झाला, बादली खडखडली. नवलने शिवी दिली. पुन्हा शांतता. मग म्हशीचा फुरफुरण्याचा आवाज, हुंगण्याचा. आणि किती तरी वेळाने, बादलीच्या तळाला लागलेली एक धार, तुटक, अडाण्याच्या हाताची. मग दुसरी.

भिकुबाईने मनगट सोडलं. तिथे पाच बोटांचे वळ उठले होते, चार पूर्ण आणि एक अर्धा.

नवल बाहेर आला तेव्हा बादली निम्मीही भरली नव्हती. साडी गुडघ्यापर्यंत शेणाने माखली होती. त्याने खुंटीवरची डबी काढली, चुन्यात बोट बुडवलं आणि भिंतीसमोर उभा राहिला. न, हि, भि. आत शेण तसंच पडलं होतं. कुंडी कोरडी होती. तो एकेका खान्याखाली बोट नेत होता आणि मागे घेत होता. शेवटी त्याने आईच्या खान्यात, अर्ध्या चंद्रांच्या रांगेखाली, एक ठिपका टेकवला. मोठा, गोल.

मग त्याने ओसरीकडे पाहिलं. दिपमाला त्याच्याकडेच पाहत होती. तिने नजर खाली केली नाही आणि पायही खाली सोडले नाहीत. मग तो साडी न सोडता वाकला आणि रिकामी पाटी उचलली.

आबा जागे झाले. त्यांनी खोकला काढला, डोळे चोळले आणि भिंतीकडे तोंड केलं. आज त्यांना नीट दिसेना.

"कितल्या खुणा झायात व?" त्यांनी विचारलं.

"एक," दिपमाला म्हणाली.